बिनघुगरीचा फोटो

या सहलीतून हरिचंद राठोडला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं. एक तर बर्फ. हिंगोलीच्या कॉलेजात भूगोल शिकवताना त्याने फळ्यावर इतक्या हिमनद्या काढल्या होत्या की बाहीवर खडू सांडला तरी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, सर आल्प्सवरून आले. आणि खरा बर्फ म्हणाल तर रसवंतीवर भुशात गुंडाळून ठेवलेल्या लादीपलीकडे त्याने पाहिलेला नव्हता. दुसरं, स्टाफरूम. अमृतराव सर सिंगापूरला जाऊन आल्यापासून खिडकीजवळची खुर्ची त्यांचीच होती, आणि कुणी चहात साखर कमी आहे म्हटलं तरी ते ‘तिकडं कसं असतं’ यावर यायचे. युरोपपुढे सिंगापूर म्हणजे सेनगावच. तिसरं, पेपर. तांड्यावरच्या आईला लेकाने विमानाने युरोप दाखवला, अशी बातमी जिल्ह्याच्या पानावर कुठे येईल, कोणत्या चौकटीत, हे त्याने मनात छापूनसुद्धा टाकलं होतं. आणि चौथं, जे तो कुणाला सांगत नसे पण ज्याच्यावर बाकीची तिन्ही उभी होती: नांदेडच्या ट्रॅव्हल्सवाल्याची हिवाळी योजना. तिकडच्या थंडीत इकडचं कुणी जात नाही, म्हणून तीन पूर्ण तिकिटांवर घरातलं एक वडीलधारं माणूस फुकट. हरिचंद, बायको रुपा आणि लेक पुजा, हे झाले तीन. वडीलधारी माणसं मात्र घरात दोन होती, आणि दोघंही जिवंत. बाप वसराम विडीशिवाय राहायचा नाही, कुठेही उकिडवा बसायचा, कुठेही थुंकायचा. शिवाय पेपरात ‘आई’ जशी वाचली जाते तसा ‘बाप’ वाचला जात नाही. म्हणून आईचं, जिवनबाईचं नाव लागलं. वसरामला विचारलं नव्हतं. ठरल्यावर सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, बैलं कोण बघंल, जाऊ दे तिला, मला काय करायचंय.

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या रविवारी, दुपारची ताटं उचलायची होती तेव्हा, तो वसराम दारात उभा होता. तांड्यावरच्या किसनसिंगच्या जीपने सेनगावपर्यंत आणि तिथून एसटीने आलेला, खांद्यावर ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं. हरिचंद त्या वेळी घरात युरोपचा कोट घालून बसला होता. सवय व्हावी म्हणून पुजाने तो घालायला लावला होता, आणि हिंगोलीच्या त्या उन्हात त्याची कॉलर भिजून मानेला चिकटली होती. बापाने कोटाकडे पाहिलं आणि तो सोफ्याच्या अगदी काठावर टेकला. जिवनबाई तांब्या घेऊन आतून आली. अंगावर रुपाची फिकी साडी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. तांब्या द्यायला वाकली आणि पदर घसरला. वसरामने पाण्याचा घोट घेतला, तिच्या एका कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या कानाकडे, मग तांब्या खाली ठेवून लेकाकडे.

“हऱ्या,” तो म्हणाला, “मी कवा मेलो रं?”

रागाने नाही, एसटी किती वाजता हाय असं विचारावं तसं. आणि मग स्वतःच हसला, खोकला येईपर्यंत. त्याला हसताना पाहून रुपाला धीर आला, तीही हसली. हरिचंद सगळ्यांत जास्त वेळ हसत राहिला, आणि आपण एकटेच हसतो आहोत हे कळायला त्याला जरा उशीर झाला. जिवनबाई पदर सारखा करून आत गेली होती. आतून तांब्या घासल्याचा आवाज येत होता. तो तांब्या स्वच्छच होता.

तांडा ज्याला ठाऊक नाही त्याला त्या प्रश्नात काही वाटायचं नाही. साडी नेसलेली, पदर घेतलेली म्हातारी; हिंगोलीत अशा बाजारात शेकड्याने दिसतात. पण तांड्यावरच्या बाईच्या गालाच्या दोन्ही बाजूंनी, केसांत गुंफलेली, चांदीची घुगरी लोंबत असते. लग्नात चढते ती नवरा गेल्यावर उतरते. मधे कधी नाही. केस धुताना काढावी लागतेच, पण दाराआड, जावा-नणंदांच्या हातून, आणि केस पुरते वाळायच्या आत पुन्हा वेणीत जाते. कुंकू, मंगळसूत्र हे तिकडे नंतर आलं, आणि जिवनबाईपर्यंत तर आलंच नाही. त्यामुळे घुगरी उतरवून साडी नेसवल्यावर तिचा हिशेब दोन्हीकडून सारखाच आला: तांड्याच्या डोळ्यांना घुगरी नाही म्हणून विधवा, शहराच्या डोळ्यांना कुंकू नाही म्हणून विधवा. एरवी तांडा आणि शहर यांचं एका गोष्टीवर एकमत होताना हरिचंदने पाहिलं नव्हतं. दंडावरचे पांढरे चुडे तेवढे निघाले नव्हते. ते निघण्यासारखे नव्हतेच, म्हणून रुपाने लांब बाह्यांचा ब्लाऊज शिवून घेतला होता, आणि त्या बाह्या दंडावर अशा फुगून दिसत की पुजा म्हणायची, दादी, तू पैलवान वाटतेस.

पासपोर्टचा नियमच तसा आहे, हे त्याने गणपतीच्या दिवसांत सगळ्यांना सांगितलं होतं. रुपाला, शेजाऱ्यांना, आईलाही. चेहऱ्यावर काही लोंबता कामा नये, कान दिसले पाहिजेत, सरकारी काम आहे. स्टेशन रस्त्यावरच्या कलीमच्या स्टुडिओत जिवनबाई फेटिया-कांचळी, म्हणजे तांड्यावरचा घागरा-चोळी घालून, आरशाचे तुकडे चमकवत उंच स्टुलावर बसली होती, पाय जमिनीला पोचत नव्हते, आणि दोन दिव्यांच्या उजेडात तिच्या घागऱ्यावरच्या आरशांचे ठिपके भिंतीवरच्या कागदी धबधब्यावर हलत होते. हरिचंदने सांगितलं तेव्हा तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, “तुझा बा हाय की अजून.” आईला तो याडीच म्हणायचा. तो म्हणाला, याडी, न्हाताना काढतीसच ना. ती म्हणाली, “न्हाताना कुणी बघत न्हाई.” एवढंच. वाद घालणारी ती बाई नव्हती. रुपा लहानपणापासून नांदेडच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, घुगरी तिने आल्बममध्येच पाहिलेली. गाठ कुठे असते ते तिला सापडेना, केस ओढले गेले, जिवनबाईने डोळे मिटून घेतले. घुगरी निघाली तशी तिच्या दोन्ही गालांवर पांढुरके पट्टे दिसले, उन्हाने न रापलेले, वर्षानुवर्षं चांदीखाली झाकलेले; जणू तेवढी कातडी दुसऱ्या कुठल्या तरी, तरुण बाईची होती. कलीमने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि पुन्हा काढला. माँजी, हात नीचे, तो म्हणाला. तिचे दोन्ही हात गालांपाशी गेले होते आणि तिथे नसलेलं काहीतरी धरून राहिले होते.

ते हात हरिचंदला ओळखीचे होते. कलीमला नव्हते, रुपाला नव्हते, त्या खोलीत फक्त त्यालाच होते, आणि म्हणून तो भिंतीवरचा धबधबा बघत राहिला. सेनगावच्या हायस्कुलात तो बोर्डिंगात राहायचा. बाजाराच्या दिवशी याडी यायची, शेंगदाण्याचा लाडू घेऊन, शाळेच्या कुंपणाकडेने. ती दिसायच्या आधी ऐकू यायची. वर्गात पोरं मान वळवायची, कुणीतरी तोंडाने छन-छन करायचं, गुरुजीसुद्धा ओठ दाबायचे. त्याने तिला शाळेपुढून येऊ नको असं कधीच म्हटलं नाही. तेवढा वाईट तो नव्हता. तो म्हणाला होता, याडी, ये पण वाजत येऊ नको. पुढच्या बाजारी तो खिडकीतून बघत होता. कुंपण सुरू झालं तशी तिने डोक्यावरची पाटी सावरली, दोन्ही हातांनी दोन्ही गालांवरची घुगरी मुठीत धरली, आणि दाढ दुखत असल्यासारखी, मान ताठ ठेवून, आवाज न करता शाळेपुढून गेली. मग कुंपण संपल्यावर हात सोडले. त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं. किती बरं वाटलं होतं हे आठवूनच आता कोटाच्या आत घाम फुटत होता, असं नाही म्हणता येणार, कारण घाम आधीपासूनच होता.

आणि त्याच्याही आधीचं, ज्याला वर्ष नाही, वर्ग नाही: ऊसतोडीला गेल्यावर कोपीत, पाचटावर, थंडीत झोपलेला तो. पहाटे ती मोळ्या बांधायला निघायची. जाताना वाकून गोधडी त्याच्या पायाखाली दुमडायची, आणि वाकताना घुगरीची चांदी त्याच्या गालाला टेकायची. रात्रभर थंडीत गार झालेली चांदी. ती इतकी गार असायची की पहिल्या क्षणाला पोळल्यासारखं व्हायचं. तो जागाच असायचा, पण डोळे उघडायचा नाही, कारण डोळे उघडले तर ती लवकर उठली असती. पुढे भूगोलाच्या पुस्तकात शून्य अंशाखालचं तापमान वाचलं तेव्हा त्याच्या अंगाला एकच गोष्ट कळली होती: गालाला लागलेली ती चांदी. विद्यार्थ्यांना त्याने हे कधी सांगितलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

सोफ्यावर वसराम चहा बशीत ओतून पीत होता. शेंगा सोलायला पुजा त्याच्यापुढे फरशीवर बसली होती. त्याने पुस्तक दाखव म्हटलं, म्हणजे पासपोर्ट. पुजाने आणून दिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण फोटोला वाचावं लागत नाही. त्याने पान उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, चांगली दिसून राहिली, तुझी आजी अशी कवाच दिसली न्हाई. कलीमने आठ प्रती दिल्या होत्या, त्यांतल्या उरलेल्या पासपोर्टच्याच पाकिटात होत्या, त्या पुजाने आपल्या भाबडेपणाने त्याच्या मांडीवर मांडल्या. ओळीने. आठांतल्या चार. हरिचंदला वाटलं, उठावं, गोळा कराव्यात. पण कोट जड होता.

फोटो काढून झाल्यावर घुगरी लगेच चढवायची होती. निदान जिवनबाईला तसं वाटलं होतं. ती स्टुडिओतून थेट तांड्यावर जायचं म्हणत होती, जावेच्या हातून वेणी घालून घ्यायला. त्याने थांबवलं. नांदेडचा ट्रॅव्हल्सवाला बोलला होता की फोटो आणि चेहरा जुळला पाहिजे, सर, नाहीतर तिकडं विमानतळावर तकलीफ. खरं म्हणजे ट्रॅव्हल्सवाला बोलला होता ते हरिचंदच्या मिशीबद्दल: फोटोत मिशी आहे तर जाऊन येईपर्यंत काढू नका. घरी येऊन हरिचंदने ते वाक्य मिशीवरून उचलून आईच्या गालावर ठेवलं. जाऊन येईपर्यंत घुगरी नको, आणि शिवाय ते यंत्र असतं, चांदी असली की वाजतं. ती ऐकत होती. यंत्र म्हटल्यावर तिने मान हलवली, वाजण्याचं तिला पटण्यासारखं होतं. तेव्हापासून ती हिंगोलीतच होती, रुपाच्या साड्यांत. तांड्यावर का जात नाही असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. कधी गुडघा दुखायचा, कधी पुजाची परीक्षा असायची. दिवाळीच्या रात्री तांड्यावरच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर गाणं म्हणत मेरा मागत फिरतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडतात, आणि जिवनबाईच्या ओसरीवर सगळ्यांत जास्त वेळ थांबतात, कारण ती प्रत्येकीला नावाने ओवाळायची. या दिवाळीला ती हरिचंदच्या गच्चीवर पणत्या लावत होती. पुजा म्हणाली, दादी, गाऊन दाखव ना ते मेराचं. ती म्हणाली, ते अंधारात गातेत, बाई, इथं लायटी हायती. हरिचंद जिन्यात उभा राहून ऐकत होता. त्याला सगळं कळत होतं. न कळण्याइतका तो शिकलेला नव्हता.

अमृतराव सर आले होते मधे एकदा, युरोपचा नकाशा बघायला. जिवनबाईने चहा आणला. ती आत गेल्यावर त्यांनी आवाज उतरवून विचारलं होतं, वडील? हरिचंद म्हणाला, “ते गावाकडे...” आणि वाक्य तिथेच ठेवून त्याने बिस्किटं पुढे केली. उरलेलं अमृतराव सरांनी भरलं. गावाकडेच गेले का, बरं झालं, आपल्या मातीत. हरिचंदने मान हलवली. मान हलवण्याला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. ती त्याने त्याच हिशेबाने हलवली होती.

आणि आता, बापाच्या मांडीवर ते चार फोटो पडलेले असताना, सगळ्यांत खालची गोष्ट वर आली, जी तो एवढे दिवस नियमाखाली दाबून बसला होता. नियम असा काही नव्हताच. कलीमने कॅमेऱ्यातून बघून विचारलं होतं, सर, ये जरा पीछे सरका दूँ क्या, चेहरा दिख रहा है, चल जायेगा. पिन त्याच्या हातात होती. अमिनाबी म्हणून त्याची चुलती ओढणीसकट फोटो काढून हजला जाऊन आली होती, हेही त्याने सांगितलं. पिन लावायची, घुगरी कानामागे सरकवायची, झालं. हरिचंद म्हणाला होता, नको, काढूनच टाकू. त्याला कान नको होते, चेहराही नको होता. त्याला अमृतराव सरांच्या आईसारखी, कुणाही सरांच्या आईसारखी, साधी पांढरपेशी म्हातारी हवी होती, जिच्यामागे आल्प्स शोभेल. ती त्याला मिळाली. फक्त तसली म्हातारी मिळवायला नवरा मारावा लागतो, हे दुकानात आधी कुणी सांगत नाही.

“ऊठ,” वसराम आत बघून म्हणाला. “हऱ्याची याडी, चल. बैलं उपाशी हायती.” त्याने बायकोला एवढ्याच शब्दांत बोलावलं, आणि ती इतक्या लवकर बाहेर आली की पिशवी आधीच भरून ठेवलेली असावी. रुपाला काहीतरी उमगलं. ती कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, आतल्या घुगरीवर थोडी काळी छटा चढली होती. आत्याबाई, लावून जा, ती म्हणाली. पण लावायची कशी? ती वेणी वेगळी असते, बारीक, कानशिलावरून गुंफत आणायची, आणि त्या घरात ती कुणालाच येत नव्हती. पुजाने आपल्या केसांतल्या दोन गुलाबी क्लिपा काढल्या आणि आजीच्या कानावर खटाखट लावल्या. घुगरी एक क्षण टिकली. मग एका बाजूची निसटली, फरशीवर पडून गोल फिरली, आणि हरिचंदच्या बुटापाशी येऊन थांबली. राहू दे बाई, जिवनबाई म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूची स्वतःच काढून टेबलावर ठेवली. हरिचंदने दोन्ही उचलल्या, रुमालात बांधल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. स्टॅंडवर देतो, म्हणाला.

रस्त्याने ते दोघं पुढे होते आणि हा मागे. मुद्दाम नाही, कोटामुळे, गर्मीमुळे, असंच पडत गेलं. खिशात घुगरी वाजायला लागली तसा त्याने हात खिशात घालून रुमाल मुठीत आवळला, आणि दोन-चार पावलांनी त्याच्या लक्षात आलं की पुढे आईनेही दोन्ही हात गालांवर ठेवलेले आहेत. भर दुपारी, नवऱ्याच्या शेजारून चालताना, ती मोकळे गाल झाकत होती. आता तांड्यावर उतरल्यावर सगळ्या ओसऱ्या बघणार होत्या की वसराम जिता आहे आणि जिवनबाई बिनघुगरीची आहे. आपण पुढे होऊन काही म्हणावं असं त्याला वाटलं. काय म्हणावं ते वाक्य तो जुळवत होता तेवढ्यात स्कूटर आली आणि थांबली.

अमृतराव सर होते. कोट बघून त्यांना हसू आलं, पण ते सुसंस्कृत माणूस. म्हणाले, वा राठोड सर, इथूनच बर्फ सुरू वाटतं. जिवनबाईला त्यांनी हात जोडले, आईसाहेब, थंडीचे कपडे घेतले का. मग त्यांची नजर तिच्या शेजारच्या धोतरावर, विडीवर, टायरच्या चपलांवर गेली. हे कोण, त्यांनी विचारलं, हरिचंदलाच. उत्तर एका शब्दाचं होतं. मराठीत ते बाळाला पहिल्यांदा येणाऱ्या शब्दांपैकी एक आहे.

वसरामने लेकाकडे एकदाच पाहिलं. घराच्या दारात पाहिलं होतं तसंच, आणि या वेळी प्रश्न न विचारताच त्याला उत्तर मिळालं असावं. त्याने विडी पाठीमागे लपवली आणि हसून म्हणाला, “मी? मी ह्यांच्या गावाकडला. म्हातारीला पोचवायला आलो.”

अच्छा, अच्छा, अमृतराव सर म्हणाले, आणि स्कूटरला लाथ मारायला पाय उचलला. तेव्हा जिवनबाईने गालांवरचे हात खाली घेतले.

“मालक हायती माझे,” ती म्हणाली. “ह्याचा बा.”

मोठ्याने नाही. पण शाळेच्या कुंपणाकडेने जाणाऱ्या बाईच्या आवाजात तर मुळीच नाही. अमृतराव सरांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी वसरामला, आणि हरिचंदकडे न बघता निघून गेले. ही गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये पुढे कधी काढली नाही. त्यांच्या चांगुलपणाचं ते ओझं हरिचंदला वर्षभर पुरलं.

एसटी लागलेलीच होती. खिडकीत बसल्यावर आई म्हणाली, तुमी जाऊन या बरं, मला तिकडली थंडी काय सोसायची न्हाई. डिसेंबरच्या पहाटे उसाच्या पाचटावर उठलेली बाई थंडी सोसत नाही म्हणत होती. तिने त्याला वाट करून दिली होती, आणि तो त्या वाटेने निघाला. बरं, म्हणाला. खिशातला हात बाहेर काढायचा होता. पण शेजारच्या खिडकीत कुणीतरी ओळखीचा विद्यार्थी होता, सर म्हणून हात करत होता, आणि रुमाल उघडला असता तर घुगरी वाजली असती. गाडी हलली. तो परत येताना मूठ तशीच आवळून आला. कोट कपाटात टांगला. आज पाठवू, उद्या स्वतः नेऊन देऊ, असं करता करता पेपर तपासायचे आले, व्हिसा आला, लोकरी मोजे आले. विसरला असं तो म्हणतो. कपाट उघडताना तो श्वास रोखायचा, हे विसरलेल्या माणसाचं लक्षण नाही.

फुकटची जागा वाया घालवायची नव्हती. रुपाची आई रुख्मिणीबाई नांदेडहून आली. तिचा पासपोर्ट आधीच काढलेला होता, साडी होती, टिकली होती, फेटिया तिने कधीच सोडलेला. मुंबईच्या विमानतळावर त्या चौकटीतून पुजा गेली, रुपा गेली, रुख्मिणीबाई गेली; आणि कोट घातलेला हरिचंद गेला तेव्हा यंत्र वाजलं. शिपायाने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. ये क्या है. चांदी आता पुरती काळी पडली होती. माँ का, हरिचंद म्हणाला. शिपायाने पलीकडे खुर्चीवर टेकलेल्या रुख्मिणीबाईकडे बोट केलं: वो माताजी? मागे रांग होती. हरिचंदने मान हलवली. अमृतराव सरांसमोर हलवली होती तशीच.

आल्प्सवर बर्फ पडत होता. पुजाने ओंजळभर उचलून त्याच्या गालाला लावला आणि फोटो काढला. फोटोत तो डोळे मिटून आहे. बर्फ पुष्कळ गार होता, पण तेवढा नाही.

परत आल्यावर किसनसिंगने जे सांगितलं, त्यावरून बेरीज करायला हरकत नाही. हरिचंदला बर्फ मिळाला. पुजाला आल्बम मिळाला. रुख्मिणीबाईला फुकट युरोप मिळाला. पेपराला बातमी मिळाली, फोटोतली म्हातारी कुणाची हे जिल्ह्यात कुणी विचारलं नाही. तिकडे तांड्यावर नायकाने बैठक बसवली. नवरा जिता असताना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरलेली घुगरी गुपचूप चढत नाही. लग्नात चढली तशी, गूळ वाटून, बायांनी गाणी म्हणून, चढवायची. जुनी कुठं हाय, नायकाने विचारलं. जिवनबाई म्हणाली, हरवली. मग वसरामने कमरेचा चांदीचा करदोडा सोडला, जो त्याच्या लग्नापासून अंगावर होता, आणि सेनगावच्या सोनारापुढे ठेवला. त्यातून नवी घुगरी झाली, जरा बारीक, जरा कमी वाजणारी. बोकड त्याच्याच दावणीचा. गूळ त्याचाच. लेकाला बोलवावं असं कुणी म्हणालं, तर तो म्हणाला, त्याला काहून तकलीफ, तो लांब हाय. ज्यांनी प्रवास केला त्यांनी खरं भाडं भरलंच नव्हतं. भरलं ते त्या माणसाने, जो त्या आठांतल्या एकाही फोटोत नव्हता.